मधलं आसन

मित्रांनो, मला जुना कॅमेरा म्हणालात तर मुळीच राग नाही. रिकामा मात्र म्हणू नका. या क्षणीही माझ्या पोटात रीळ आहे, आणि ते का आहे हेच तुम्हाला सांगायचं आहे.

साठ वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझा आरसा बसवला, मला कानाशी धरून दहा वेळा वाजवून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. तेव्हापासून एक गुपित माझ्यापाशी आहे. फोटो काढणारा माझ्या खिडकीला डोळा लावतो तेव्हा त्याला सगळं दिसत असतं. पण त्याने बटण दाबलं की माझा आरसा खटकन वर जातो, आणि नेमका तेवढा वेळ त्याच्यापुढे अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, तो क्षण फोटो काढणाऱ्याने पाहिलेलाच नसतो. तो मी पाहतो. तेव्हा जे मी पाहिलं ते सांगतो, विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा पहिला मालक हौशी होता. त्याची हौस दोन वर्षांत फिटली आणि मी कपाटात गेलो. पुढची पंचेचाळीस-एक वर्षं अशीच कुठल्या ना कुठल्या कपाटात गेली. मग जपानी समुद्राकाठच्या एका बंदरगावात, जुन्या सामानाच्या दुकानातून चिझुरुने मला उचललं. सत्तावन्न वर्षांची विधवा बाई. माकुळ मासळी साफ करण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या बोटांचा वास माझ्या कातडी पट्ट्याला लागला तो आजतागायत गेलेला नाही. या वयात हिला फोटोग्राफीचं खूळ कुठून लागलं, असं गाव म्हणायचं. गावाला काय माहीत!

आमच्याकडे जुनी माणसं तिघांचा फोटो काढू देत नाहीत. तिघांत जो मधे, तो आधी जातो म्हणतात. अगदी काढायचाच झाला तर कुणाच्या तरी मांडीवर बाहुली देतात. मग चौघं होतात आणि मधे कुणी उरत नाही. चिझुरुचा नवरा तोशियुकी मच्छीमार. एकदा सहलीला गेले असताना तो दोन मित्रांच्या मधे उभा राहिला, आणि चिझुरुने दुसऱ्याच कुणाच्या कॅमेऱ्याने हसत हसत त्यांचा फोटो काढला. बाहुलीची आठवण कुणालाच झाली नाही. त्याच हिवाळ्यात वादळात त्याची होडी गेली ती परत आली नाही.

घरात त्याचा बरा म्हणावा असा तेवढाच एक फोटो होता. फोटोवाल्याने दोन्ही मित्र कापून काढले, पण एकाचा हात तोशियुकीच्या खांद्यावर होता, तो काही निघेना. म्हणून घरातल्या पितरांच्या देवघरात तोशियुकी जरासा हललेला आहे आणि त्याच्या खांद्यावर चार बोटं आहेत. चिझुरु रोज सकाळी तिथे वाफाळता भात ठेवायची तेव्हा त्या बोटांकडे बघायची नाही. सासू किनुए, वय एक्क्याण्णव, तिने सुनेला एका शब्दाने बोल लावला नव्हता. चिझुरुला तेच जास्त लागायचं. आईंचा तरी अंत्यविधीला ठेवायचा निरोपाचा फोटो माझ्या हातून धड निघू दे, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठीच तिने मला घेतलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावच्या सभागृहात फोटोमंडळ भरायचं. कुवाबारा सर लाल पेन्सिल घेऊन फोटो तपासायचे.

"अहो चिझुरुबाई, पुन्हा हललं. बटण दाबताना तुम्ही श्वास घेता का?"

"घेते की."

"मग घेऊ नका. मी तेहतीस वर्षं घेतलेला नाही."

सगळे खो खो हसायचे. चिझुरुही हसायची, आणि घरी जाताना रडायची. पण बाई जिद्दीची. कारखान्यात उभी असतानाही कोपर पोटाशी लावून श्वास रोखायचा सराव करायची. हळूहळू तिचा हात स्थिरावला. मग एका दुपारी तिने मला सासूसमोर तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं.

देवघरापुढे तीन जाड आसनं कायम मांडलेली असत. कधीच गेलेल्या सासऱ्यांचं, तोशियुकीचं आणि किनुएचं.

"आई, मधल्यावर बसा."

"मी नाही बाई मधे बसणार."

"अहो, फोटोत तुम्ही एकट्याच तर आहात!"

"तू आपला फोटो काढ. मोजणी माझ्यावर सोड," असं म्हणून म्हातारी उजवीकडच्या कडेला जाऊन बसली. "मधे बसायची आता ज्याला भीती नाही, तो बसेल."

चिझुरुने श्वास रोखला आणि बटण दाबलं. मी आरसा उचलला. मित्रांनो, किनुए माझ्याकडे बघतच नव्हती. ती शेजारच्या आसनाकडे वळून हसत होती, आणि ते आसन मधोमध खोल दबलेलं होतं. त्याच्या पलीकडचंही. आरसा खाली आला तेव्हा ती पुन्हा सरळ बसलेली होती.

मंडळात सरांची लाल पेन्सिल कडाडली. "माणूस कडेला, नजर भलतीकडे! आणि ती आसनं झटकून तरी ठेवत जा हो. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी दिसताहेत."

त्या दिवशी चिझुरु हसली नाही. आसनं तिने त्याच सकाळी उन्हात घालून, झटकून मांडली होती.

अकरा महिने तिने प्रयत्न केला. अकराही वेळा तसंच झालं. म्हातारी कडेला, नजर शेजारी, आसनं दबलेली. शेवटी चिझुरुचा धीर सुटला. "माझ्या हातालाच यश नाही," ती मला पुसता पुसता म्हणाली. "ज्या हाताने त्यांना मधे उभं केलं, त्या हाताने दुसरं काय होणार?" तिने मला तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, दमटपणा शोषणाऱ्या पुड्या वर टाकल्या आणि झाकण लावलं. छत्तीस चित्रांच्या रिळातलं एकच चित्र शिल्लक होतं. आकडा पस्तीसवर थांबला. डब्यातल्या अंधारापेक्षा मला त्या पस्तीसचंच जास्त दुःख होतं.

पाच महिने गेले. हिवाळा सरता सरता किनुएचं जेवण सुटलं. डॉक्टर आले, आणि चिझुरुला दाराशी नेऊन हळू आवाजात बोलून गेले. एका दुपारी, बाहेर बर्फावर लख्ख उजेड पडला असताना, म्हातारी भिंत धरत धरत कपाटापाशी आली.

"सूनबाई, हा डबा उघड बघू. आत कोण मघापासून खटखट करतंय?"

मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी गप्प होतो.

चिझुरुने झाकण काढलं. किनुए वळली, देवघरापुढे गेली आणि मधल्या आसनावर बसली.

"काढ."

चिझुरुचा चेहरा पांढराफटक पडला. "नको, आई! थांबा, बाहुली आणते."

"बाहुली कशाला? मी काय आता खेळू?" म्हातारीने पदर सारखा करावा तशी किमोनोची कड सारखी केली. "तो गेला तो तुझ्यामुळे, असं सात वर्षं मनात धरून बसली आहेस. मला दिसत नाही होय? वादळाला कॅमेरा लागत नाही गं. तो आपणहून मधे उभा राहिला, मी आपणहून बसतेय. काढ."

"माझा हात कापतोय."

"मग श्वास घेऊ नकोस. तुझे सर म्हणतात ना?"

चिझुरु डोळे पुसत माझ्यामागे आली. फोटो काढला तर आई जातील, नाही काढला तरी जातील, आणि वर फोटोही राहणार नाही. हे तिला कळत होतं, तरी बोट बटणावर टेकेना.

"आणि हे बघ," किनुए म्हणाली, "माझ्या मागोमाग धावत येऊ नकोस. रीळ संपवून ये."

"आई, हे शेवटचंच चित्र आहे."

"मग दुसरं घाल!"

चिझुरुला रडता रडता हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात तिने बटण दाबलं. मी आरसा उचलला. दोन्ही बाजूंची आसनं खाली दबली. किनुए पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्या खांद्यावर चार बोटं होती.

फोटो छापून आला तो सुईसारखा स्पष्ट. बोटं त्यात नव्हती. खांद्यावरच्या कापडाला फक्त चार सुरकुत्या होत्या. कुवाबारा सरांनी तो बराच वेळ हातात धरला, लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि "चौकटीत लावा," एवढंच म्हणाले. नऊ दिवसांनी किनुए गेली. तोच फोटो तिच्या अंत्यविधीला फुलांमध्ये ठेवला होता, आणि लोक म्हणत होते की आजी अगदी समोर बसल्यासारख्या वाटतात.

त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून चिझुरुने मला एक दिवसही रिकामं ठेवलेलं नाही. छत्तिसावं चित्र काढलं की उठायच्या आधी ती नवं रीळ घालते. कधी पाय दुखतात, कधी फोटो मनासारखे येत नाहीत, कधी मंडळात टोमणे बसतात. पण आकड्याच्या खिडकीत बघून ती म्हणते, "अजून रीळ संपलं नाही," आणि मला गळ्यात अडकवून बंदरावर जाते. आता ती खरंच छान फोटो काढते.

दरवर्षी किनुएच्या श्राद्धाला ती चार आसनं मांडते, मला तिकाटण्यावर ठेवते, आपोआप टिपायची कळ ओढते आणि लगबगीने कडेच्या आसनावर जाऊन बसते. मी दहा सेकंद करकरतो आणि आरसा उचलतो. चौघं असतात. मधे कुणीच नसतं. किनुए दरवेळी सुनेकडे वळून काहीतरी विचारते. फोटोत आवाज उतरत नाही, पण मला ओठ वाचता येतात. ती विचारते, "कितवं?"

मित्रांनो, आज माझा आकडा पस्तीसवर आहे. चिझुरु सकाळपासून नवं रीळ शोधत शहरभर फिरते आहे. हल्ली रीळ कुठे मिळत नाही, दुकानं एकेक करून बंद झाली. तुमच्या घरी एखाद्या डब्यात माझा भाऊबंद पडलेला असेल, त्याला बाहेर काढा, पुसा, वापरा. आणि त्याच्या शेजारी एखादं न वापरलेलं रीळ सापडलं, तर तेवढं लवकर इकडे पाठवून द्या.