शेंदूर लागलेला पाइप

मी एक जुना पाइप आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्यातून ना नळाचं पाणी वाहिलं, ना गॅस. एका जागी उभं राहून टेकाडाच्या पोटात पाणी किती चढलं, एवढंच मला सांगायचं होतं.

भिलाईत पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात एका दुकानाबाहेर मी उन्हात पडून होतो. तिथून दिपालीनं मला निवडलं. ती भिलाईतल्याच एका रेल्वेवाल्याची मुलगी, मातीची इंजिनिअर. जवळच्या उतई गावाकडे बंद खाणीतून उपसलेल्या मातीचं मोठं टेकाड होतं आणि पायथ्याशी वस्ती. ते टेकाड टिकेल की घसरेल, हे तिला बघायचं होतं. तिनं माझ्या खालच्या टोकाला भोकं पाडली, जाळी गुंडाळली आणि मला उतारात खोल पुरलं. वर मी हातभरच उरलो.

तिचा हिशेब साधा होता. वजन मातीला खाली ओढतं, मातीची आपसातली पकड तिला धरून ठेवते. पकड जास्त, तोवर घरं सुखरूप. आत पाणी चढलं की पकड ढिली होते. म्हणून ती दर आठवड्याला येऊन माझ्यात टेप सोडायची. टेपचं टोक पाण्याला टेकलं की वर शिट्टी वाजायची. ती शिट्टी म्हणजे माझा आवाज, आणि मला तिचा फार अभिमान होता.

पायथ्याच्या पहिल्या घरात अन्नपूर्णाबाई एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान भंडाऱ्याहून कारखान्यात नोकरीला आलेले. ते वारून बरीच वर्षं झाली होती. जमिनीतून वर आलेला देव समजून बाईंनी मला शेंदूर लावला आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी वाहू लागल्या. तेही थेट माझ्या तोंडात! माझं अंग अरुंद, तांब्याभर पाण्यानंही पातळी भराभर चढायची. दिपालीनं टोपण बसवलं, तर बाईंनी ते काढून ठेवलं.

"देवाचं तोंड कावून बंद करून राहिली, पोरी?"

दिपालीला हसू आलं. त्यांच्या ओट्यावर चहा पीत तिनं सगळं समजावलं. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं. शेवटी दिपालीनं नाद सोडला. पातळी चढलेली दिसली की हे काकूंचं पाणी म्हणून ती वजा करायची. मला राग यायचा, पण बाईंचा हात इतका मायेचा होता की तो टिकत नसे.

भादव्यात बाईंचे दीर वारले. सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून बाई माझ्याकडे येईनाशा झाल्या. लांबूनच बघायच्या. पाऊस मात्र थांबत नव्हता. टेकाडातलं पाणी भोकांतून माझ्यात शिरलं आणि चढत गेलं.

दिपाली आली, टेप सोडला. टेप जेमतेम आत गेला तोच शिट्टी वाजली, पाणी माझ्या तोंडापाशी आलं होतं. मला वाटलं, आता ही धावत खाली जाईल, घरं रिकामी करवेल. ती हसली. "काकूनं आज तर तांब्या नाही, पाण्याचा पूरा गुंडच ओतला वाटते," असं स्वतःशीच म्हणाली आणि पावसात भिजत, बाईंच्या दाराशी न थांबता निघून गेली. मी काय करणार होतो, मित्रांनो? माझा एकुलता एक आवाज वाजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतार सुटला. मी कमरेत वाकलो. माती अन्नपूर्णाबाईंच्या घरावर गेली आणि त्या आत होत्या.

त्यांना चिखलातून बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता. शेजारच्या मैनाबाई दिपालीला म्हणाल्या, "सुतक होतं न तिले. इतक्यात तिनं पाणी वाह्यलंच नाही."

दिपाली माझ्याजवळ चिखलात बसली. "मले वाटलं, काकूचंच पाणी आहे. एक बार पूछना तो था," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं रडणं ऐकून माझं लोखंडही फाटलं असतं.

मित्रांनो, आता माझ्यात टेप उतरत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. धोक्याचा आवाज ऐकू आला आणि त्याचं कारण आपल्याला ठाऊकच आहे असं वाटलं, तरी दाराशी जाऊन एकदा विचारा. त्या दिवशी अन्नपूर्णाबाई घरीच होत्या. सुतकातल्या घरचा चहा त्यांना देता आला नसता, पण दारातूनच त्यांनी सांगितलं असतं.