नऊ ग्रॅमची गोळी

रविवारी सकाळी सिद्धी रश्श्यासाठी इंद्रनीलनं दिलेल्या हरणाचा खांदा सोडवत होती, तेव्हा हाडाजवळ सुरी कशाला तरी अडली. बोट घालून ओढलं तर शिशाची चपटी झालेली गोळी हातात आली.

"गंधार, तुझ्या मित्रानं भेट पाठवलीय," ती हसत म्हणाली आणि गोळी नळाखाली धुऊन नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

गंधार हसला नाही. गोळी त्याला हलकी वाटली.

आठवडाभर तो 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यात मेंटेनन्स बघायचा आणि शनिवारी हॅमिल्टनबाहेरच्या एका छोट्याशा पिस्तूल क्लबमध्ये रेंज ऑफिसर असायचा. त्याला आवड जुन्या, ठासणीच्या हत्यारांची. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. इंद्रनीलला हा नाद त्यानंच लावला होता. इंद्रनील हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, रोटोटुना उपनगरातच दोन रस्ते सोडून राहणारा. दोघं गंधारच्या गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचे. इंद्रनीलच्या रायफलची गोळी साडेअकरा ग्रॅमची, पिस्तुलाची नऊ.

गंधारनं सिद्धीचा केकचं सामान मोजायचा काटा ओट्यावर घेतला आणि गोळी वर ठेवली. नऊ. उचलून पुन्हा ठेवली. नऊच.

"झिजली असेल," सिद्धी म्हणाली.

"चपटी झाली म्हणून शिशाचं वजन कुठे जातंय?"

ठासणीच्या रायफलनं हरीण मारायला इथे मुभा होती. पिस्तूल मात्र, कितीही जुन्या धाटणीचं असलं तरी, फक्त रेंजवर चालवायचं आणि तिथून कुलूपबंद पेटीतून थेट घरच्या तिजोरीत न्यायचं. इंद्रनीलला हे गंधारनंच शिकवलं होतं, परीक्षेसारखं घोकून घेतलं होतं.

आता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. इंद्रनील जंगलातून आला त्या संध्याकाळी म्हणाला होता, साठ मीटरवरून मारलं. मग गेल्या रविवारी सगळे इथे जेवायला बसलेले असताना तोच रंगात येऊन म्हणाला, "इतकं जवळ होतं यार, त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती." तेव्हा सगळे हसले होते. गंधारही हसला होता. आणि एप्रिलमध्ये, इथली थंडी सुरू होताना, त्या शिकारीला इंद्रनील एकटाच का गेला? दरवर्षी तर गंधारच्या मागे लागायचा.

गोळी खिशात टाकून तो चालत निघाला.

इंद्रनील अंगणात गवत कापत होता. गंधारला पाहून त्यानं मशीन बंद केलं. "काय रे, कसं झालं मटण?"

गंधारनं गोळी त्याच्यापुढे धरली. "ही तुझ्या रायफलची नाही."

इंद्रनीलनं गोळीकडे नीट पाहिलंही नाही. "अरे, सगळ्या सारख्याच दिसतात."

"वजन केलंय मी."

तेव्हा त्यानं हातमोजे काढले, घराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. रायफलची गोळी खांद्यातून आरपार गेली. हरीण पडलं, पण तडफडत होतं. रायफल परत ठासायला मिनिटभर लागतं, तुला माहितीय. पिस्तूल सॅकमध्ये होतं. नव्हतं न्यायला पाहिजे, मान्य. पण त्याला तसं तडफडत ठेवू? मानेत एक गोळी घातली आणि सोडवलं."

गंधारला क्षणभर हायसं वाटलं. अशा वेळी कोणीही तेच केलं असतं. मग त्यानं विचारलं, "मानेत?"

"हो. कानाखाली."

"मग ही मला खांद्यात कशी मिळाली?"

इंद्रनील काढलेले हातमोजे पुन्हा चढवायला लागला.

"खांद्यात भोक एकच आहे," गंधार म्हणाला. "आत जाणारं. दुसऱ्या बाजूचा खांदा कुठंय?"

"माझ्या फ्रीजरमध्ये."

"दाखव. रायफलची गोळी आरपार गेली असेल, तर त्याला भोक असणारच."

इंद्रनील जागचा हलला नाही. "रायफल तू नेलीच नव्हतीस," गंधार म्हणाला.

"नेली होती. फोटोपुरती." आता इंद्रनीलच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता, उलट एक चमक होती. "आठ पावलांवरून, गंधार! एक गोळी, एक संधी. रेंजवर कागदाला भोकं पाडून काय कळतं? कोणाला काय त्रास झाला?"

"उद्या पोलिसांकडे जाऊन स्वतः सांग. नाहीतर मी सांगेन."

"सांग ना. गेल्या रविवारी तंगडी कोणाच्या घरी शिजली? गोळ्या कोणाच्या गॅरेजमध्ये ओतल्या? मी म्हणेन, तुला सगळं माहीत होतं."

परत येताना गंधारच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. मांस मैत्रीखातर दिलं होतं, की तोंड बंद राहावं म्हणून?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं वाट पाहिली. इंद्रनीलचा फोन नाही, मेसेज नाही. तेव्हा तो पोलीस स्टेशनवर गेला. काउंटरवरच्या बाईनं 'किया ओरा' असं इथल्या रीतीनं अभिवादन करत खुर्ची दिली आणि शांतपणे सगळं लिहून घेतलं. गॅरेजचा उल्लेख आला तेव्हा मात्र तिचं पेन थांबलं.

"म्हणजे ही गोळी तू बनवलेलीस?"

"आम्ही दोघांनी."

"आणि त्याला रेंजवर पास करणाराही तूच?"

"हो."

"मग तुझी तिजोरीही आम्हाला बघावी लागेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच गंधारला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात इंद्रनीलची सगळी हत्यारं जप्त झाली आणि लायसन्स गेलं. गंधारच्या तिजोरीत काही वावगं निघालं नाही. क्लबच्या कमिटीनं त्याचे आभार मानले, पण रेंज ऑफिसरचं काम 'थोडे दिवस' दुसऱ्याकडे दिलं.

पुढच्या शनिवारी तो गेला तेव्हा फाटकापाशी नवा माणूस उभा होता. रोजच्या ओळखीचा, शेजारच्या लेनवर नेम धरणारा. त्यानं बाकीच्यांच्या गाड्या हात हलवून आत सोडल्या आणि गंधारची मात्र थांबवली.

"पेटी उघड, मेट," तो म्हणाला. "जरा बघतो."

गंधारनं खाली उतरून डिकी उघडली.