नख अडलं

लालबागच्या चाळीत जिन्याखाली हरेश्वरचं गॅरेज. गॅरेज कसलं, गोणपाट अंथरलं की झालं दुकान! संपाआधी तो मिलमध्ये फिटर होता. मिल बंद पडली ती पडलीच, मग हा स्कूटरी खोलायला बसला. पण धंद्यात माणूस खरा. इंजिनाचं हेड उतरवायचा, ब्लॉक पुसायचा आणि पिस्टन जिथे वरखाली होतो तिथे आतून अंगठ्याचं नख फिरवायचा. नख ओरखड्यात अडलं तर ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतून कातून, नवा पिस्टन. नाही अडलं तर जुनीच जोडी परत बसवायची. गिऱ्हाईक कितीही म्हणो नवंच टाका, हा ऐकायचा नाही. एकमेकांना सरावलेत, उगाच कशाला तोडता, म्हणायचा.

त्याची स्वतःची स्कूटर मात्र संपापासून बंद पडून भिंतीला टेकून धूळ खात होती. संपात चूल पेटेना तेव्हा त्याने बायकोला, शेवंतीला, पोरांसकट कणकवलीकडे गावी धाडलं. एसटीत बसवताना म्हणाला होता, मिल चालू झाली की स्कूटरवरनंच न्यायला येतो. मिल काही चालू झाली नाही. मग गावाहून येणाऱ्याबरोबर शेवंतीचा एकच निरोप यायला लागला, गाडी झाली का? आणि ह्याचंही ठरलेलं उत्तर, अजून नाही.

खरं सांगायचं तर हा घाबरला होता. तिकडे तिचं बस्तान बसलेलं, पोरं शाळेत रुळलेली. आपण जायचं, तिने पाहुण्यासारखं तांब्याभर पाणी द्यायचं, जेवून जा म्हणायचं आणि यायला नाही म्हणायचं. मग ह्या खोलीत परतायचं ते कुणासाठी? त्यापेक्षा ती वाट बघतेय एवढं तरी असू दे. इतका एकटा पडला होता बिचारा, की तेवढ्यावर दिवस ढकलत होता.

शेजारची राधाबाई उद्या गावी निघणार होती. शेवंतीसाठी निरोप न्यायला संध्याकाळी येते म्हणाली, तेव्हा ह्याने मनाचा हिय्या करून स्वतःचं इंजिन खोललं. ब्लॉक पुसला, नख फिरवलं. अडलं नाही. पुन्हा खालून वर फिरवलं. गुळगुळीत! पिस्टनलाही ओरखडा नव्हता. रिंगा बदलल्या की गाडी उद्या रस्त्यावर.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर खूश झाला असता. पण आता गावी जाणं टळणार नव्हतं. जिन्यावर राधाबाईच्या चपला वाजल्या आणि ह्या शहाण्याने काय करावं? छिन्नी उचलली आणि ब्लॉकच्या आत वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. मग नख फिरवलं. अडलं.

"शेवंतीक काय सांगू रे? गाडी झाली?"

"नाय. ब्लॉक गेलो."

राधाबाई वळून जायच्याऐवजी खाली बसली. मागच्या खेपेला गावी शेवंतीने तिला बजावून ठेवलं होतं, गाडी झाली म्हणाला तर गप्प बस, मग तो येईलच; नाही म्हणाला तरच सांग.

"ती म्हणता, मरांदे ती गाडी. येष्टीन ये आणि आमका घेवन जा."

हरेश्वरने ब्लॉक मांडीवर ओढून घेतला. अंगठा अजून त्या रेघेतच होता.

"मगे? काय सांगू तिका?" राधाबाईने विचारलं. आणि आता गाडीचं कारण सांगायची सोय राहिली नव्हती.