पाऊण तासाचं विमान

थोरलीचं डोकं आधीच फिरलेलं होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं आणि आई हटून बसली होती, धाकटा आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर चालणं विसरा. आई म्हणाली, विसरले. घ्या! अशा बाईशी भांडणार कोण?

आणि धाकटा? तीन वर्षं एकच पालुपद. "ताई, काळजी कशाला करतेस? पाऊण तासाचं तर विमान आहे. हाक मारलीस की आलोच." आई पडली तेव्हा हाक मारली, तर साहेबांची मीटिंग. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मारली, तर साहेबांना सर्दी. पाऊण तास मात्र तोंडपाठ. आईनेही तो शेजारीपाजारी सांगून सांगून पार गुळगुळीत केला होता.

थोरली ड्रायव्हिंग शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून तिचा पाय तयार झाला होता, आणि जीभ त्याहून जास्त. त्या दुपारी तिने शिकाऊ गाडी सरळ तिकीट ऑफिससमोर लावली. तिकीट आपणच काढायचं आणि त्याच्या हातात कोंबायचं, मग बघू कसा येत नाही ते.

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही गावांची नावं टाकली, पुन्हा टाकली. "मॅडम, या दोन विमानतळांमध्ये विमानच नाही. कधी नव्हतंच."

"असं कसं? पाऊण तास लागतो म्हणे."

"ते नेटवर दाखवतात हो. नकाशावर सरळ रेघ ओढायची आणि विमानाच्या वेगाने भागायचं. विमान उडत असलंच पाहिजे असं थोडंच आहे? तिकीट काढायला गेलं की कळतं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तीन वर्षांत या गृहस्थाने एकदाही, नुसतं बघायला म्हणूनसुद्धा, तिकीट शोधलं नव्हतं.

गाडीत बसूनच तिने फोन लावला. "परवा आईचं ऑपरेशन आहे. कुठल्या विमानाने येतोस?"

"सकाळचं बघतो ना."

"सकाळचं नाही, दुपारचं नाही, कुठलंच नाही. आत्ता विचारून आले."

धाकट्याचा आवाज चक्क हलका झाला. "बघ ना ताई, विमानच नाही म्हटल्यावर मी येणार तरी कसा?"

तिने फोन ठेवून दिला. तोंड उघडलं असतं तर चौकातल्या पोलिसालाही ऐकू गेलं असतं.

घरी आई उशीला टेकून वाटच बघत होती. सगळं ऐकून तीही तेच म्हणाली, "विमानच नाही, तर पोराचा काय दोष?"

"दोष?" थोरली उसळली. "आगगाडी आहे, बस आहे, त्याच्या दारात स्वतःची गाडी आहे. सकाळी निघाला तर संध्याकाळी इथे पोचेल. मला राग येतो आई. त्याचा येतो आणि तुझाही येतो. रोज तुला उचलते मी, आणि तू पाय घालवायला निघालीस त्याच्यासाठी."

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोरलीने रागारागाने भांडी घासली, वाळलेले कपडे ओढून काढले. बऱ्याच वेळाने आतून हाक आली.

"डॉक्टरांना सांग, मी तयार आहे. आणि कसं झालं ते त्याला कळवू नकोस."

"त्याने विचारलं तर?"

"विचारू तर दे आधी," आई म्हणाली.