मागच्या काचेतला उजेड

शेडच्या दारात एवढी गर्दी झाली होती की मागच्यांना पुढच्यांची नुसती डोकी दिसत होती. तरी कोणी हलायला तयार नव्हतं. आत जुनी राखाडी गाडी उभी होती आणि तिच्या बॉनेटवर तळहात टेकून, डोळे मिटून करंटबाबा उभा होता.

"फिरव चावी," तो म्हणाला.

घरातल्या धाकट्या मुलाने चावी फिरवली. टक्. टक् टक्. मग तेही नाही.

"ऐकलंत? नाडीच लागत नाही!" बाबाने डोळे उघडले. "गेलेला मालक रात्री येऊन बसतो आणि सगळा जीव ओढून घेतो. आत्म्याला पॉझिटिव्ह नसतो, आई, नुसता निगेटिव्ह असतो. मग पॉझिटिव्ह तो कुठून आणणार? मिळेल तिथून!"

चेल्याने बॉनेट उघडलं, त्यावर काळी चादर टाकली आणि झोळीसकट तो चादरीखाली शिरला. यंत्राचं उघडं तोंड कोणी बघायचं नाही, असा नियमच होता. बाबाने उजवा हात उंच केला, मिक्सरमध्ये खडे पडावेत तसं काहीतरी पुटपुटला आणि ओरडला, "फिरव!"

गाडी एका झटक्यात सुरू झाली. माणसांनी हात जोडले. समोरच्या घरातले पेन्शनर काका तर डोळे पुसू लागले.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईने मात्र हात जोडले नव्हते. ती घरातली मोठी लेक. दुसऱ्या गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची आणि कालच माहेरी आली होती. बाबाचा हात वर जातो तेव्हा सगळे हाताकडे बघतात, चादरीकडे कोणीच बघत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

"आज उतरवला," बाबा म्हणाला. "पण तो परत येणार. आणि मागचं दार कोणी आपटायचं नाही हां, मालकाला खपत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "गाडीतलं संपलं की तो घरातलं ओढेल. घरात कोवळा जीव कुठे आहे?"

सगळ्यांच्या नजरा धाकट्याच्या बायकोच्या, ताईच्या भावजयीच्या पोटावर गेल्या. तिला नववा महिना लागला होता. तिने पदर पुढे ओढून घेतला.

"बाळंतपण घरातच करायचं. ही गाडी नाही, दुसरी कुठलीही नाही. उंबरठ्याबाहेर त्याची हद्द सुरू होते. सोमवारी येऊन मी शेवटचा उतारा करतो."

सोमवारीच भावजयीला दवाखान्यात भरती करायचं ठरलं होतं. पोटातली वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर सरकलेली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की रक्तस्राव सुरू झाल्यावर उशीर झाला तर आई आणि बाळ दोघंही हाताला लागणार नाहीत. गाडीची बॅटरी उतरते आणि झपाटलेल्याचंही उतरवतात. या एका शब्दावर या करंट्याने दुकान थाटलं होतं, आणि आता गिऱ्हाईक म्हणून तिच्या भावजयीचा जीव मागत होता.

"अरे, बॅटरी जुनी झाली असेल," ती रात्री जेवताना धाकट्याला म्हणाली.

"नवी टाकली ताई. तीही तिसऱ्या दिवशी आडवी."

"आणि काकांनी पाहिलंय ना," आई म्हणाली. तिचा आवाज भीतीचा नव्हता, हेच ताईला जास्त भीतिदायक वाटलं. "शेडच्या फटीतून. रात्री मागच्या काचेत पिवळा उजेड असतो. अण्णा मागेच बसायचे शेवटी शेवटी, पाय लांब करून. तेच आहेत गं. त्यांना करमत नाही."

अण्णा, ताईचे वडील, जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाली होती, तेव्हा ताई शेडमध्ये गेली. पिशवीत धाकट्याच्या मित्राकडून आणलेला, वीज किती वाहते ते मोजणारा अँपिअर मीटर होता. गाडी बंद, चावी खिशात, दारं लावलेली. तिने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. झोपलेल्या गाडीने जवळजवळ काहीच खायला नको होतं. काटा मात्र अर्ध्या अँपिअरवर जाऊन उभा राहिला. कोणीतरी खरोखरच ओढत होतं.

तिने एकेक फ्यूज काढून परत लावायला सुरुवात केली. हॉर्नचा काढला, काटा हलला नाही. पंख्याचा काढला, हलला नाही. आतल्या दिव्यांचा काढला आणि काटा शून्यावर पडला. पण आतला दिवा तर बंद दिसत होता.

तो फ्यूज परत लावून तिने शेडचं शटर खाली ओढलं. अंधार झाला. आणि मागच्या काचेत, अण्णांच्या जागेमागे, पिवळा उजेड होता.

क्षणभर ताईला विज्ञान, मीटर, शाळा सगळं विसरायला झालं. "अण्णा?" असं तिच्या तोंडून निघूनही गेलं. तिने स्वतःला रेटलं, भिंत धरून गाडीच्या मागे गेली आणि वाकली. डिकी लागलेली दिसत होती, पण बोटाच्या नखाएवढी फट होती. कुलपाचं पहिलं 'खट्' झालं होतं, दुसरं राहिलं होतं. तिने तळहाताने दाबलं. खट्. उजेड गेला. पुढे येऊन बघते तर काटा शून्यावर.

मग ती तिथेच फरशीवर बसली आणि तिला रडू फुटलं. अण्णा आयुष्यभर ओरडत आले होते, "दार आपटू नका! गाडी आहे, गोदाम नाही!" ते होते तोवर कोणी ऐकलं नाही. ते गेले आणि घरातला प्रत्येक जण दार हळू लावायला लागला. आई तर रोज संध्याकाळी डिकी उघडायची, आत ठेवलेल्या त्यांच्या काठीवरून हात फिरवायची आणि झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी डिकी मिटायची. ती कधी पुरती लागतच नव्हती आणि डिकीतला दिवा रात्रभर जळत राहायचा. बाबाने हे पहिल्या भेटीतच हेरलं होतं, म्हणून तर दार न आपटण्याची आज्ञा.

धाकट्याने बॅटरी चार्ज करून आणली. सोमवारपर्यंत ताई रोज संध्याकाळी आईच्या मागे उभी राहिली आणि आई वळली की गुपचूप डिकी दाबत गेली.

सोमवारी सकाळी गर्दी दुप्पट होती. बाबाने बॉनेटवर हात ठेवला आणि चेहरा वेडावाकडा केला. "आज भार फार आहे! आज तो हलणार नाही!"

ताई गाडीत बसली आणि तिने चावी फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

बाबाची पापणी लवली, पण जीभ नाही. "पाहिलंत? माझी चाहूल लागताच पळाला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई गाडी बंद करून उतरली, चेल्याच्या झोळीला तिने हात घातला आणि एक डबी बाहेर ओढली. तिला दोन वायरी आणि दोन चिमटे होते, एक लाल, एक काळा.

"हा बाबांचा पॉझिटिव्ह आणि हा निगेटिव्ह," ती म्हणाली. "बंद पडलेली गाडी सुरू करायची बॅटरी आहे ही. दुकानात मिळते. चादर यासाठी लागते." मग तिने पुढच्यांना आत घेऊन शटर ओढलं आणि डिकी आईसारखी हळू मिटली. अंधारात काच पिवळी झाली.

"हाच!" काका ओरडले. "हाच तो उजेड!"

तिने डिकी दाबली. उजेड गेला. मग तिने शटर वर केलं.

"म्हणजे ते नव्हते तिथे?" आईने विचारलं.

"नव्हते गं आई. दिवा होता."

आईचा चेहरा असा उतरला की ताईला वाटलं, आपण अण्णांना दुसऱ्यांदा नेलं. तेवढ्यात घराच्या दारातून भावजयीची हाक आली. "ताई... ओलं लागतंय. रक्त आहे."

"उंबरठा ओलांडू नका!" बाबा किंचाळला. "दोघं जातील!"

सगळे आईकडे बघू लागले. आईने डिकी उघडली, अण्णांची काठी बाहेर काढून स्वतःच्या हातात घेतली, तिच्या जागी दवाखान्याची पिशवी ठेवली आणि दोन्ही हातांनी डिकी आपटली. धाड! गर्दी दचकून मागे सरली आणि वाट मोकळी झाली.

"बघत काय उभा राहिलास?" ती धाकट्याला म्हणाली. "काढ गाडी."

मुलगी झाली. भावजयही वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. बाबा तोवर झोळी तिथेच टाकून पसार झाला होता. आता दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत चादर पसरत असेल. तुमच्या गल्लीत आला तर हात जोडण्याआधी एवढंच करा: चादर उचला, दार उघडा, दिवा कुठून पेटतोय ते बघा. गेलेल्या माणसावर माया करायला भुताची गरज नसते. आई अजूनही संध्याकाळी गाडीपाशी जाते. फक्त डिकी जोरात आपटते, आणि "रागावू नका हो" म्हणून वाकून फटीत बघते.