लग्नाआधीचं गाणं

क्षितिजाने टेबलावर कपाचं चित्र ठेवलं. "अंकल, हे काय आहे? टेक युवर टाइम."

पॅट्रिकने चित्राकडे पाहिलं, ओठ हलवले. "तेच," तो म्हणाला. मग मान हलवली आणि पुन्हा, "तेच तेच." डाव्या हाताने त्याने कार्ड टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर पॅट्रिककडे हा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी तेच, कंटाळा आला तरी तेच. त्याला सगळं समजत होतं, पेपर वाचता येत होता, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये वीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला हा बोलका माणूस, भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय घरीही न सुटलेला.

"आंटी, घरी गाणी ट्राय करा," जाताना क्षितिजा पॅट्रिकच्या बायकोला, विनिफ्रेडला म्हणाली. ही स्पीच थेरपिस्ट सिडनीच्या गिरावीन उपनगरात वाढलेली, मराठी जरा अडखळत पण मनापासून बोलायची. "काही लोकांना बोलता येत नाही, पण गाता येतं. चाल मेंदूत दुसरीकडे असते. चर्चमधली गाणी त्यांना पाठ असतील ना?"

पाठ होतीच. वसईच्या घरात रोज संध्याकाळी म्हटलेली. विनिफ्रेडने ती एकेक म्हणून पाहिली. पॅट्रिकच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ थरथरले, पण आवाज फुटला नाही. तिसऱ्या संध्याकाळी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात क्षितिजाकडे जायची वेळ झाली तेव्हा त्याने बूट घालायला नकार दिला. मेलबर्नहून फ्लावियाचा व्हिडिओ कॉल आला की तो उठून मागच्या अंगणात जायचा. लेकीने आपल्याला असं पाहू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"ममा, इज ही अँग्री विथ मी?" फ्लाविया विचारायची.

"तुझ्यावर नाही गं. स्वतःवर."

त्या शनिवारी विनिफ्रेड चादरी बदलत होती. घर शांत होतं आणि ती शांतता तिला नकोशी झाली. तिने फोनवर आपलं जुनं गाणं लावलं. लंडनच्या चार पोरींचं. तरुणपणी ते सगळीकडे वाजत होतं, वसईच्या सणाच्या मांडवातही. विनिफ्रेड आणि तिच्या मैत्रिणींनी त्यावर नाच बसवला होता आणि फादरनी तो अर्ध्यावर थांबवला होता. रुसलेली मुलगी मित्राला बजावते की मला आता फोन करू नकोस, एवढंच काय ते गाण्यात. पॅट्रिकला ते पहिल्यापासून आवडत नव्हतं. लग्नानंतरची सगळी वर्षं, साफसफाईच्या दिवशी ते लागलं की तो दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, "बंद कर गं ते! डोकं उठतं."

आज कोणी ओरडलं नाही. उशीला अभ्रा चढवताना ती हळू आवाजात गाऊ लागली. धृपद आलं आणि स्वयंपाकघरातून दुसरा आवाज आला. जाड, बेसूर, पुरुषी.

विनिफ्रेड उशी हातात धरूनच दारापर्यंत गेली. पॅट्रिक ओट्याशी उभा होता. डाव्या हाताची बोटं ओट्यावर ठेका धरत होती आणि तो गात होता, इंग्रजी शब्द न् शब्द. मला फोन करू नकोस, माझ्या दारात येऊ नकोस. दुसरं कडवंही त्याला येत होतं, जे विनिफ्रेडलाही नीट येत नव्हतं.

गाणं संपलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "तेच," तो म्हणाला, आणि मग त्याचाच चेहरा असा काही झाला की विनिफ्रेडला हसू आवरेना. तीच पहिली हसली. मग तोही. हसता हसता ती खुर्चीत बसली आणि रडली.

क्षितिजाला फोनवर हे सांगितल्यावर तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "ओके. आता चाल तीच ठेवा, शब्द त्यांच्या कामाचे घाला. डाव्या हाताने ठेका द्यायला सांगा. आणि आंटी, मराठीतच."

पॅट्रिकला लाज वाटत होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पोरींच्या गाण्याच्या चालीवर चहा मागायचा. दोन दिवस त्याने ते नाकारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विनिफ्रेड गाळणं शोधत असताना मागून आवाज आला, ठेक्यात, "चहा दे ना, विनी, चहा दे ना." तिने मागे वळून पाहिलं नाही. "देते," एवढंच म्हणाली. तिने वळून पाहिलं असतं तर तो थांबला असता.

रविवारी फ्लावियाचा फोन आला तेव्हा तो अंगणात गेला नाही. पडद्यासमोर बसला, मांडीवर बोटं आपटली. "फ्लाविया, जेवलीस का? फ्लाविया, जेवलीस का?"

पलीकडचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. "येस, डॅड," फ्लाविया म्हणाली. मग मराठीत, जे ती फार क्वचित बोलायची, "जेवले. डाळभात."

पुढे काही शब्द चालीशिवायही येऊ लागले. हो. नको. विनी. बाकीचे चालीवर, दुकानात लागतील तेवढे इंग्रजीही. क्षितिजाने स्पष्टच सांगितलं होतं की पहिल्यासारखं बोलणं बहुतेक परत येणार नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दोघं बंदरावरच्या मासळीच्या दुकानात गेले. फ्लाविया येणार होती, तिच्यासाठी स्नॅपर मासा घ्यायचा होता. गाडी लागताच पॅट्रिकने विनिफ्रेडच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला बसून राहायची खूण केली.

"एकटा जातोस?"

"हो."

दुकानाची काच मोठी होती. गर्दी होती. त्याचा नंबर आला तेव्हा विनिफ्रेडला त्याची पाठ दिसत होती आणि काउंटरवर हळूहळू उठणारी डाव्या हाताची बोटं. रांगेतली दोन माणसं वर बघू लागली. काउंटरमागची बाई हातातलं काम थांबवून पुढे वाकली आणि त्याचं शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवून मासे तोलू लागली. कोणी हसलं नाही. विनिफ्रेडचा हात गाडीच्या दाराच्या कडीवर होता, तो तिने काढून घेतला.

पॅट्रिक आला, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. आत स्नॅपर नव्हता. मलेट होते, वसईला ज्यांना बोईट म्हणतात ते, चांगले ताजे.

त्याला स्नॅपर हा शब्द आला नसेल, की बोईटच खावंसं वाटलं असेल, कोण जाणे. तो समोर समुद्राकडे बघत होता, खांदे सरळ, कामावरून परतल्यावर असायचा तसा.

"छान आहेत," विनिफ्रेड म्हणाली. तिने पिशवीचं तोंड नीट दुमडलं, ती मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.