पांढऱ्या फुलाचा फोन

परातीखाली फोन ओरडत होता. माझ्या भावाच्या, हरिप्रसादच्या घरात अर्धी गल्ली जमली होती. पाटावर पितळी परात उपडी घातलेली, आणि तिच्याखालून कानठळ्या बसवणारी घंटा. फोनमध्ये सिमकार्ड नाही, आवाज बंद करून ठेवलेला. मग ओरडतं कोण? कुंभकोणमच्या भर दुपारी माणसं भिंतीला चिकटून उभी होती.

परातीसमोर माझी भाची दिव्यश्री बसली होती. ती बारावीत आहे. काल फोनच्या पडद्यावर तमिळमध्ये अक्षरं उमटली, "दिव्या, माझ्याबरोबर चल." तेव्हापासून तिच्या पोटात अन्न नाही. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, पण ती अक्षरं पाहून मीही घाबरले. खोटं कशाला सांगू?

फोन जुना. जयकुमार नावाच्या दुकानदाराने स्वस्तात दिला, घरी येऊन वायफायसुद्धा स्वतः जोडून दिलं. ठेवावा की नाही हे ठरवायला इथल्या आम्हा मराठी घरांतली रीत झाली. तांबडं आणि पांढरं फूल पुड्यांत बांधून विठोबापुढे टाकली. माझ्या भावजयीने, कामाक्षीने, पुडी उचलली. पांढरं निघालं. देवाचा होकार आला, मग आणखी काय तपासायचं? आणि आता परत तरी कसा करायचा?

घाबरलेल्या घरात भूत उतरवणारे त्यागराजस्वामी येऊन बसले. त्यांना घेऊन आला जयकुमारच, फार हळहळत.

"पाण्यात बुडालेली कन्या आहे," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "चार्जिंगच्या छिद्रातून आत शिरली. बॅटरी हा तिचा प्राण, कॅमेरा हा तिचा डोळा. कोणी हात लावू नका."

चार्जिंगच्या छिद्रातून शिरायला तिला केबल लागली का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. स्वामींनी परात उचलली, फोनला विभूती चोळली. घंटा थांबली, तसा त्यांनी फोन पुन्हा परातीखाली ठेवला. लोकांनी हात जोडले. मला मात्र दिसलं, की विभूती चोळताना स्वामींचा अंगठा फोनच्या कडेवरच्या बटणावर गेला होता.

"कन्या या मुलीच्या अंगात उतरते आहे. हिच्या तळहातावर कापूर पेटवावा लागेल. मग फोन मी कावेरीत सोडीन."

कामाक्षीने खरोखरच कापराची डबी आणली. दिव्यश्रीने माझा पदर धरला.

"आत्ते, मज भय वाटतं. हात जळेल की."

"हरी, पोरीला भाजणार तू?" मी विचारलं.

"अक्का, तू बोलू नको. मजही कळना काय करावं ते. विठोबानं पांढरं फूल दिलं, आता सामीच वाट दाखवतील."

हे माणसाचंच काम, असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला तर पोरीचा हात जाणार. पण सिम नसलेल्या फोनला बाहेरचा निरोप पोचायला घरात एकच रस्ता होता. पाणी प्यायला जाते म्हणून मी उठले आणि कोनाड्यातल्या वायफायच्या डब्याचं बटण बंद केलं.

"कापूर पेटवण्याआधी ती पुन्हा रडेल," स्वामी म्हणाले. "ऐका."

सगळ्यांनी श्वास रोखला. परात गप्प. स्वामी खाकरले. "रडेल. ऐका." परात गप्पच. पायरीवर बसलेला जयकुमार आपल्या फोनवर अंगठा आपटत होता. सगळे परातीकडे पाहत होते. त्याने मान वर केली ती थेट कोनाड्याकडे.

"हरी, त्याचा फोन घे," मी म्हटलं.

हरिप्रसादने तो हिसकावला. पडद्यावर नकाशा होता, त्यात आमची गल्ली, आमचं घर आणि खाली घंटा वाजवायचं बटण. हरवलेला फोन शोधायची ही साधी सोय. विकलेल्या फोनमध्ये जयकुमारने आपलं खातं तसंच ठेवलं होतं. पडद्यावर निरोपही तिथूनच पाठवता येतो.

मी वायफाय सुरू केलं आणि जयकुमारचा फोन दिव्यश्रीपुढे धरला. "दाब."

 तिने दाबलं. परात ओरडली. बायका मागे सरल्या. दिव्यश्रीने स्वतः परात उचलली आणि फोनच्या कडेचं बटण दाबलं. शांत.

"बुडालेली पोर कोट गेली, सामी? कुठं लपली?" तिने विचारलं. स्वामी चपला शोधत होते.

मग मी फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. फोनचा जन्मक्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसला. तो जयकुमारने दिलेल्या खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळेना. सरकारी सेवेला एसएमएस करून विचारलं, तर तो चोरीला गेलेला म्हणून नोंदलेला. आम्ही तक्रार केली, तेव्हा पोलिसांना जयकुमारच्या कपाटात 'कावेरीत सोडलेले' आणखी फोन सापडले. एकच फोन विकायचा, भूत दाखवून परत न्यायचा, पुन्हा विकायचा.

"पण पांढरं फूल आलं होतं, अक्का," कामाक्षी रडत म्हणाली.

"फुलाला काय ठाऊक, गे? तू विठोबाला विचारलंस. जयकुमारकडे बिल कोणी मागितलं?"

वाचकहो, जुना फोन घेताना बिल मागा, जन्मक्रमांक ताडून पाहा, आधीच्या माणसाचं खातं आपल्यासमोर काढायला लावा. हे पाच मिनिटांचं काम आहे. भीती मलाही वाटली, तुम्हालाही वाटेल. पण भीतीपोटी पोरीचा हात कोणाच्या हाती देण्याआधी एखादं बटण बंद करून बघा. आमच्या दिव्यश्रीचा तळहात शाबूत आहे. त्याच हाताने ती आता गल्लीतल्या लोकांचे फोन तपासून देते.